बोंड्या जेवून नाही राह्यला

अहो गजूचे बाबा,

तुमी होते तवा तुमाले कधी कागद लिहिला नाही. लिहायची पाळीच कवा आली? तुमी वावरात अन् मी घरात, वावराच्या कडंले धुऱ्यावर उभी राहून एक आवाज देल्ला का तुमाले ऐकू जाये. आता आवाज देऊन देऊन घसा बसला, म्हणून कागद घेतला.

गोष्ट एकच हाय. तुमचा बोंड्या जेवून नाही राह्यला.

तुमी गेले त्याले आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत त्या जीवानं भाकरीचा तुकडा तोंडात घेतला नाही. पाणी पेते, तेही कोणी पाहत नसलं तर. काल गजूनं वणीहून ढोराची डाक्टरीण आणली. तिनं सलाईन लावलं, पोट दाबून पाह्यलं, डोये उघडून पाह्यले, अन् जाता जाता मले म्हणे, "आजी, उद्या संध्याकाळपर्यंत याच्या पोटात काही गेलं नाही तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

तिचा तो उद्या म्हणजे आज. सकाळचे आठ वाजले. उन्ह अंगणात आलं. बोंड्या तुमच्या बाजीखाली पडून हाय, बरगड्या मोजून घ्या. तुमी त्याले कसं जेवू घालत होते, एवढं सांगून जायले काय झालतं हो तुमाले?

माह्या अक्षराले हसू नका. बचत गटाच्या रजिस्टरात मी पहिल्यांदा सही केली तवा तुमी म्हटलं होतं, "गजूची माय, हे अक्षर हाय का गवऱ्या थापल्या वं?" तिसरीत शाळा सुटली माही, गवऱ्याच थापल्या मी जनमभर, दुसरं कसं येईन अक्षर? वही आपल्या परीची हाय. मागच्या पानावर तिनं मोर काढला, त्याले पाच पाय हायेत. म्हणे, "आजी, दोन पाय कमी पडले तर?" एवढी हुशार नात हाय आपली! पेन देल्लं अन् मले दम देल्ला, रेघेवर लिहायचं, रेघेखाली नाही. पाहा, मी कुठून कुठं चालली. हेच तुमाले आवडत नव्हतं. "मुद्द्यावर ये," म्हणत तुमी. येते.

मी काल तुमच्या बाजीजोळ बसून तुमच्यासंग बोलत होती. सून आली, वर्षा.

"आत्याबाई, कोणासंग बोलून राह्यल्या?"

"तुह्या सासऱ्यासंग."

ती घरात गेली अन् गजूले हळूच सांगून राह्यली का आईले एखाद्या चांगल्या डाक्टरले दाखवू. घ्या! कुत्र्याले एक डाक्टर अन् मले एक डाक्टर. म्हणून म्हटलं कागदावर बोलू, कागदावर बोललं तर कोणी येडं म्हणत नाही.

राजाची आठवण हाय ना तुमाले? कशी नसन. याच्या आधीचा तो, तांबडा. तुमी मुकुटबनले पुतणीच्या लग्नाले गेलते, अन् कोणीतरी रानडुकराईसाठी कणकेत ईखाचं औषध कालवून धुऱ्यावर गोळे ठेवून देल्ले. डुकरं आली नाहीत, राजा गेला तिकडे. तुमी लग्नाचे कपडे अंगावर असतानाच त्याले वावरात गाडलं, बोरीखाली. कोणी ठेवलं ते तुमाले मालूम होतं. मले नाही सांगतलं, अन् त्या माणसालेही काही म्हटलं नाही. दोन दिवस नुसते खराट्यानं अंगण झाडत राह्यले. झाडलेलं अंगण पुन्हा झाडत. म्या म्हटलं, आता माती निंघन खालून.

अन् मंग कापूस येचणीत बायाईले पऱ्हाटीच्या तासात हे पिल्लू सापडलं. पांढरं फेक, एक कान काळा. तुमी टोपीत घालून घरी आणलं.

"काय हाय ते?"

"बोंड हाय वं. फुटलेलं बोंड," म्हणे.

तवापासून तो बोंड्या. मी लय आदळआपट केली त्या दिवशी. म्हटलं, "मले कुत्रं नको आता घरात. पुन्हा रडायची ताकत नाही माह्यात." तुमी पिल्लाच्या तोंडात दुधाचा बोळा देत होते, मान वर न करता म्हटलं, "हे नाही मरणार. याले मी शिकवीन."

शिकवलं बरं! असं शिकवलं का सारं गाव नवल करे. भाकर पुढं ठेवली तरी हा बसून राहे. लाळ गळे, पण तोंड लावत नसे. तुमी जोळ येऊन बसले का खाये. तुमी मधातच पाणी प्याले उठले तर तोंडातला घास तसाच धरून थांबे, गालफड फुगवून, एखाद्या पोराले मास्तरनं उभं केल्यासारखा. चुलीपासून मले तेवढंच दिसे, मी हसून हसून पडो.

पण मले रागही येये. खोटं कायले बोलू? माह्या हातची भाकर, मीच थापलेली, मीच भाजलेली. मी ठेवली तर खात नाही म्हणजे काय?

"माह्या हातावर इश्वास नाही काय तुमच्या कुत्र्याले?" मी एकदा म्हटलंच.

"तुह्या हातावर हाय वं. धुऱ्यावरच्या हातावर नाही. त्याले दोन हातातला फरक कसा कळन? म्हणून सरसकट."

मंग मले राजा आठवला अन् मी पुढची भाकर थापाले बसली.

तुमच्या डोयाच्या आपरेशनले तुमी तीन दिवस दवाखान्यात होते तवा हा तीन दिवस उपाशी होता. तुमी आले, डोयावर हिरवी पट्टी, हातानं चाचपत अंगणात बसले अन् आधी म्हटलं, "त्याची भाकर आणा वो." कसा तुटून पडला तो! अन् तुमी मिशीवरून हात फिरवून मले म्हणता, "पाह्यलं गजूची माय? याले म्हणतात इमान."

मी म्हटलं, "मी तीन दिवस उपाशी राह्यली असती तर एवढे खुश झाले असते काय?"

"तू राह्यलीच नसती. तुले शेंगदाणे खायची खोड हाय."

आपण दोघंही हसलो. अन् आता मी त्या हसण्यालेच बोल लावून राह्यली. काहून हसलो आपण? एका डोयासाठी तीन दिवस उपाशी राहणारा जीव पुढं काय करन, हे दोघांच्याही डोक्यात कसं आलं नाही? तुमी त्याले ईख खाण्यापासून वाचवलं खरं. पण तुमी नसाल तवा त्यानं काय खायचं, हे नाही शिकवलं. इमानदार केला अन् तसाच सोडून गेले. असं करते काय कोणी?

बरं, माही चूक तर तुमच्याहून मोठी हाय. तुमच्या छातीत कळ आली, गजूनं तुमाले आटोत घातलं. बोंड्या फाट्यापर्यंत आटोमागं पळत गेला. तिथं ते कोळशाचे ट्रक लायनीनं चालतात, म्हणून माघारी फिरला असन, नाहीतर वणीपर्यंत आला असता. तुमी परत आले ते दुसऱ्या गाडीतून. गाडी येऊन राह्यली म्हणून फोन आला, अंगणात सोयरेधायरे जमले, अन् मीच म्हटलं, "त्या कुत्र्याले मागं गोठ्यात बांधा, माणसाईच्या पायात येईन." मीच म्हटलं हो. ह्याच तोंडानं.

म्हणजे त्यानं तुमाले पाह्यलंच नाही. अंगणात निजवलं ते पाह्यलं नाही, उचलून नेलं ते पाह्यलं नाही. त्याच्या हिशेबी तुमी अजून आटोत हाय. डोयाचंच आपरेशन हाय, तीन दिवसाचं बारा दिवस झालं एवढंच. फाट्यावर आटोचा आवाज आला का कान उभे करते, काळा कान आधी, मंग पांढरा.

तुमाले पोचवून माणसं आली तवा माह्या भावानं रीतीपरमानं कडू घास आणला. वरण, भाकर, भाजी, सारं त्याच्या घरून. गजूच्या तोंडात पहिला घास घातला, वर्षाच्या घातला, परीच्या घातला. माह्या तोंडात भावजयीनं घातला. सुतकाच्या घरात कोणाचं मन होत नाही खायचं, म्हणून सोयऱ्यानं पहिला घास भरवायचा, का पोट पुन्हा चालू होते. घरातल्या सगळ्याईले भेटला. गोठ्यात बांधलेल्याची आठवण कोणालेच नाही झाली.

पहिले चार दिवस तर आमाले पत्ताच नव्हता. वर्षा त्याच्या जर्मनच्या ताटात भाकर कुस्करून ठेवे, संध्याकाळी ताट साफ. आमाले वाटे, जेवला. पाचव्या दिवशी परी ओरडत आली, "आजी, बोंड्याचं जेवण कोंबड्या खातात अन् तो नुसता पाहते!"

तवापासून काय नाही केलं? दुधात भाकर. तुपात भाकर. गजूनं मटणाची हाडं आणली, सुतकात! सुतक असून घरात हाडं आली, मी आणू देल्ली. त्यानं वास घेतला अन् तोंड फिरवलं. मंग मले सुचलं का तुमचा एखादा सदरा त्याच्याजोळ ठेवू, वासानं तरी खाईन. पेटी उघडली तर पेटी रिकामी! दहाव्यालेच तुमचे कपडे, चादर, वाकळ, सारं रीतीनं देऊन टाकलं होतं. तुमची बाजही देणार होते, पण तिचा एक पाय मोडका म्हणून राह्यली. त्या मोडक्या पायाचे उपकार. तिच्याचखाली तो पडून हाय.

टोपी एक सापडली, खुटीवर. गजू ती घालून तुमच्यासारखा मांडी घालून बसला ताटाजोळ. बोंड्या उठला, टोपी हुंगली, गजूच्या तोंडाकडे पाह्यलं. अन् पुन्हा बाजीखाली जाऊन पडला. एवढा मोठा बाप्या गजू, टोपी तोंडावर धरून रडला. तुमाले पोचवताना रडला नव्हता तो. तवा रडला.

अन् मोबाईलचं तर सांगूच नाही असं वाटते. गजूच्या मोबाईलात तुमचा आवाज हाय, सोयाबीन काढताना तुमी त्याच्यावरच खेकसून राह्यले, "अरे इकडे घे, इकडे! डोये हायेत का बटनं?" गजूनं तो लावला. बोंड्या ताडकन उठला हो! अंगात जीव नाही, पण उठला. दारात गेला, गोठ्यात गेला, वावराकडे पळत सुटला. घंट्याभरानं आला. बोरीपर्यंत जाऊन आला असन, पायाले काटे होते. मी गजूले म्हटलं, "पुन्हा तो आवाज लावशीन तर हात तोडीन तुहा." मले तरी कुठं ऐकवते तो? मीही दारातच पाह्यलं होतं ना, आवाज आला तवा. बोंड्याच्याही आधी.

काल डाक्टरीणीनं समजावून सांगतलं. पोरगीच हाय, पण बोलते मोठ्या मायेनं. म्हणे, "आजी, खाताना कुत्र्याची मान खाली जाते आणि पाठ उघडी पडते. तेव्हा कोणी हल्ला केला तर त्याला कळत नाही. म्हणून काही कुत्री आपलं माणूस जवळ असल्याशिवाय खातच नाहीत. माणूस राखण करतंय, मग आपण निवांत खाऊ, असं त्यांचं असतं. आणि याला तर तशी सवयच लावलेली आहे."

मले नवल वाटलं. मी समजत होती का तो घराची राखण करते. अन् हे पाहा, तुमीच त्याची राखण करत होते, रोज दोन टाइम.

"बाबा त्याला नेमकं कसं खाऊ घालायचे?" तिनं इचारलं. "काय म्हणायचे? कुठे बसायचे? हातानं द्यायचे का?"

गजू माह्याकडे पाहे, मी वर्षाकडे पाहो. कोणालेच मालूम नाही! दुपारचं तुमचं दोघांचं वावरात होये. रातचं तुमी अंगणात बसत, मी ताट आणून देऊ, त्याची भाकर आणून देऊ अन् पाठ फिरवून चुलीकडे जाऊ. सगळ्याईचं झाल्यावर चुलीपाशी मी एकटी जेवू. अठ्ठेचाळीस वर्सं झाली आपल्या लग्नाले, मी तुमच्यासमोर कधी घास तोंडात घातला नाही अन् तुमाले घास घेताना नीट पाह्यलं नाही. मी नुसतं वाढलं. लाज वाटली हो डाक्टरीणीपुढं. अशी कशी मी बायको, का जिले नवरा कसा जेवते तेच मालूम नाही?

येवढं लिहून मी उठली होती. आता पुढचं लिहून राह्यली ते दुपारचं.

वर्षा कोंबड्याईचं खुराडं झाडाले गेलती. तिथून ती आली ती खराटा हातात घेऊनच.

"आत्याबाई, हे काय हाय?"

तिच्या हातात वाळलेल्या भाकरीचे तुकडे होते.

"खुराड्यामागं ढीग हाय. रोज तुमी ताट घेऊन चुलीपाशी बसता, मले वाटते जेवल्या. कवापासून हाय हे?"

"भूक नसते वं मले."

"बारा दिवस?"

"चहा घेते ना."

ती कधी माह्यावर आवाज चढवत नाही, तुमाले मालूम हाय. आज चढवला. "उद्या तेरवी हाय, पन्नास जणाईचं रांधायचं हाय माह्यापुढं. अन् या घरात दोन जण उपाशी! एक बाजीखाली पडून हाय अन् एक बाजीवर बसून हाय. तुमी त्याच्यासाठी डाक्टर बोलावता. तुमच्यासाठी मी कोणाले बोलावू, सांगा ना?"

अन् ती मटकन खाली बसली, तुकडे ओच्यात घेऊन.

आता तुमाले खरं सांगते. तो कडू घासही मी नाही खाल्ला. भावजयीनं तोंडात घातला, तो गालात धरून ठेवला अन् न्हाणीत जाऊन थुकला. मी मनात ठरवलं होतं का तुमच्यामागं यायचं. काही करायचं नाही, नुसतं जेवायचं नाही. बुढ्या माणसाचं अन्न सुटलं तर कोणाले संशय येत नाही. हळूच निंघून जाऊ, म्हटलं. तुमाले गाठू. तुमी तसेही चालता हळूच.

पण वर्षा भाकरीचे तुकडे घेऊन तशी बसली खाली, अन् मले वावरातला तो दिवस आठवला. तुमची शिदोरी घेऊन मी आलती, अन् तुमाले माही चाहूल नव्हती. बोरीपाशी तुमी पाठमोरे बसले होते, अन् बोंड्या पुढं, लहान होता तवा, एवढासा. म्हणजे तुमच्यापाशी सकाळची शिळी भाकर होती, तुमी थांबलेच नव्हते माह्या शिदोरीले, पण ते जाऊ द्या. तुमी भाकरीचा तुकडा मोडला, आपल्या तोंडात घातला, चावला, गिळला. मंग तोंडाचा हा एवढा आ करून त्याले दाखवलं अन् म्हटलं, "पाय बापू. खाल्लं. मेलो काय? नाही मेलो. आता तू खा."

अन् मंग त्याले देल्लं.

मी मागं उभी राहून हसत होती. मले ते नाटक वाटलं. मले काय मालूम का तुमी रोज, दोन टाइम, त्याच्या आधी चाखून पाहत होते? राजासाठी कोणी चाखलं नव्हतं, म्हणून याच्यासाठी तुमी चाखत होते. अन् हे मले तवाच इचारता आलं असतं. नाही इचारलं. शिदोरी ठेवली अन् निंदाले बसली.

वर्षाले म्हटलं, "उठ. एक ताजी भाकर टाक. अन् थोडं चून आण."

मी अंगणात बसली, बाजीजोळ, जमिनीवर. या अंगणात मी कधी जेवली नाही. येणाराजाणारा पाहते, बाईमाणसानं उघड्यावर कसं जेवायचं? पण बसली. बोंड्यानं एक डोया उघडला. मी तुकडा मोडला, तोंडात घातला, अन् पुन्हा तीच चोरी केली हो! गळ्याखाली जातच नव्हतं. गालात धरला, तोंड हालवलं, पदर तोंडाले लावला अन् पदरात काढून घेतला. मंग तोंड उघडून त्याले म्हटलं, "पाय बापू, खाल्लं."

त्यानं माह्याकडे असं पाह्यलं! तोंडाकडे नाही, गळ्याकडे. भाऊ फसला, भावजय फसली, गजू फसला. हा नाही फसला. डोया मिटून घेतला त्यानं.

मंग मात्र मले रडू आलं. म्हटलं, "मेल्या, तुले खरंच पायजे काय? मले नाही जात रे. मले तुह्या मालकाबिगर नाही जात." वर्षा दारात उभी होती, तिच्यासमोर बोलली मी हे. त्यानं शेपटीही हालवली नाही. मी मरावं का जगावं, याचं त्याले काही नव्हतं. त्याले फक्त पाह्यचं होतं का त्या भाकरीत ईख हाय का नाही.

मी दुसरा तुकडा घेतला. चावला. माती खाल्ल्यासारखं झालं. पाण्याचा घोट घेतला, ठसका लागला, डोयातून नाकातून पाणी, पण गिळला. गेला खाली. बारा दिवसांनी. कसा गेला तो माह्या जीवाले मालूम. मंग तोंड उघडलं, आ करून, तुमच्यासारखं, अन् म्हटलं, "पाय बापू. खाल्लं. मेली काय? नाही मेली."

बोलली अन् मलेच ऐकू आलं मी काय बोलली ते.

तो सरकला नाही. मी तिसरा घास खाल्ला. चौथा खाल्ला. पाचव्या घासाले तो बाजीखालून मान काढून पुढं आला, पोटावर सरपटत, अन् माह्या हातातला तुकडा घेतला. चावला नाही! तोंडात धरून बसला. गजूले आवाज दे, असं वर्षाले सांगासाठी मी उठू लागली, तर यानं तुकडा खाली टाकला. मी फटकन बसली.

"हालू नका आत्याबाई," वर्षा दारातूनच बोलली, तोंडावर हात धरून. "बिलकूल हालू नका."

नाही हालली. अन् गजूचे बाबा, तो जेवला. थांबून थांबून, एक तुकडा खाये अन् मान वर करून पाहे, मी हाय का. मी हो म्हणो. पुन्हा खाली मान. अर्धी भाकर. लय नाही, पण अर्धी. अर्धी मी अन् अर्धी तो.

वर्षानं डाक्टरीणीले फोन लावला. ती म्हणे, अजून धोका टळला असं म्हणता येत नाही, थोडं थोडं द्या, दिवसातून चार वेळा, आणि आजीच बसू देत, दुसरं कोणी नको.

आजीच. ऐकलं ना? म्हणजे आता मले येता येत नाही तुमच्याकडे. मी एक टाइम चुकली तर तो चुकला. रातच्याले पुन्हा बसायचं हाय, अन् मले आत्तापासूनच धाक पडला का पुन्हा घास नाही उतरला तर? उद्या नाही उतरला तर? तुमाले वाटते काय एका घासानं माही भूक परत आली? नाही आली. भाकर अजून मातीच लागते. पण चावावी लागते. तो गळ्याकडे पाहते ना.

एक इचारू? हे तुमी त्याले शिकवून ठेवलं होतं काय? माह्यासाठी? नसनच म्हणा. एवढं दूरचं तुमाले कुठं सुचते? चश्मा कपाळावर ठेवून घरभर धुंडत होते तुमी. पण मन म्हणते, इचारून पाहावं.

मी अजून अंगणातच बसून हाय. तो माह्या पायाले पाठ लावून झोपला, बारा दिवसांत पहिल्यांदा झोपला, म्हणून उठून नाही राह्यली. पाय बधिर झाले. वही मांडीवर हाय म्हणून अक्षर वाकडं आलं, परीले सांगू नका.

आता माहा शब्द घ्या. मी आधी चार टाइम, तो सावरला का मंग रोज दोन टाइम जेवीन. अंगणात जेवीन, बाजीजोळ, येणाऱ्याजाणाऱ्याच्या समोर. गालात धरणार नाही, थुकणार नाही. मन असो का नसो. बोंड्या हाय तंवर हे असं, अन् तो लहान हाय अजून, त्याले मोप वर्सं हायेत. तुमाले एकट्यालेच राहावं लागन तवर. करमत नसन तर राजा हाय तिथं, त्याच्यासंग बसा. त्याले सांगा का धाकट्याले कोणी फसवू शकत नाही.

अन् उद्याचं आधीच सांगून ठेवते, मागून रागावू नका. उद्या तुमची तेरवी. तुमचं ताट मांडायच्या आधी कोणी तोंडात दाणा घालत नाही, मले रीत मालूम हाय. पण बोंड्याची आता चार टाइमातली पहिली येळ सकाळची हाय. म्हणून पंगतीच्या आधी, तुमच्या ताटाच्याही आधी, मी अंगणात बसून जेवीन. लोक म्हणतीन, पाहा, नवऱ्याच्या तेरवीले बुढी पहिले जेवाले बसली! म्हणू द्या. पहिला घास माहा, दुसरा बोंड्याचा, अन् त्याच्यामागून तुमचं ताट.

अठ्ठेचाळीस वर्सं तुमचं जेवण होईपर्यंत मी थांबली. उद्या जरासे तुमी थांबा.

तुमचीच,
अंजना
(गजूची माय)